मुंबईची सील

"डायवर, तुया टॅक्टरले हगवण काऊन लागली बे?"

बांधावर उभ्या मुखरूनं सकाळी सकाळी विचारलं आणि लटारूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रॅक्टरखाली काळ्या तेलाचं डबकं साचलं होतं, म्हणजे म्हातारा खोटं बोलत नव्हता. खरं बोलणाऱ्याचाच राग जास्त येतो.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत लटारू या मुखरूच्याच हाताखाली मालक गुणवंतरावांची बैलगाडी हाकत होता. मग रावांनी लिलावातून जुना ट्रॅक्टर आणला, चांद्याच्या मिस्तऱ्यानं चार दिवस शिकवलं, आणि लटारूचा डायवर झाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याची बायको वच्छला डायवरीनबाई झाली. विहिरीवर बाया सरकून तिला आधी दोर देत. एक मुखरूच तेवढा तिला अजून 'लटारूची' म्हणायचा.

"सील गेली," लटारू म्हणाला. "इंजनात मोठा दांडा फिरते ना, क्रँक, त्याच्या दोन्ही तोंडाले सील रायते. थे तेल अडवते."

"सील?" मुखरूनं डोळे वटारले. "लाखेची? सरकारची? तोडली कोनं? जेलात जाशीन लेका!"

गावात सील म्हणजे एकच, टपालाच्या थैलीवरचा लाखेचा लाल ठसा. लटारूनं कपाळावर हात मारला.

पण एक गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. आधी तेल थेंब थेंबच गळायचं. म्हणून त्यानं इंजिन उघडलं, तर दांड्याच्या दोन्ही टोकांच्या खाचांत कसलासा काळा, कुजका काथ्या. आधीच्या मालकाचा गबाळेपणा, असं म्हणत त्यानं तो खरवडून फेकला आणि रॉकेलनं खाचा लख्ख धुतल्या. तेव्हापासून थेंबाची धार झाली.

नव्या सीलसाठी मुंबईच्या कंपनीला पत्र जाऊन दीड महिना झाला होता. गुणवंतराव कावले होते. "आइतवारी ठेकेदार येऊन राह्यला," त्यांनी सांगून टाकलं. "जंगलातली लाकडं ओढाले टॅक्टर मांगते. मिस्तरी त्याच्यापाशी आहे. तवरिक चालू झाला तं ठेवतो, नाई तं देऊन टाकतो. तू आपली गाडी हाक."

रात्री घरी हे ऐकून वच्छलाचा भात वाढता हात थांबला. "म्हंजे मी पुन्हा गाडीवाल्याची बायको?"

"गाडीवाला का मानूस नाई?"

"मानूस आहे. डायवर नाई."

 लटारूला भात गोड लागला नाही.

शनिवारी दुपारी पार्सल आलं. अर्धं गाव अंगणात. कापडात शिवलेलं पुडकं, शिवणीवर लाखेचे पाच लाल ठसे. मुखरू पुढं सरसावला. "हे पाय, सील! लाव आता इंजनाले."

सगळे खो खो हसले. लटारूनं टाके उसवले. आत पितळेची चकचकीत कडी असणार, अशी त्याची खात्री होती. निघाली हातभर दोरी. जाड, काळी, पण दोरीच.

लटारूच्या तोंडचं पाणी पळालं. फेकलेला काथ्या डोळ्यांपुढं आला. "मुखरूभाऊ," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "हे तं मीच खरवडून फेकली होती."

मुखरू आता हसला नाही, हे नवलच. त्यानं दोरी बोटांत फिरवली, हुंगली. "एकच आहे. तोंडं तं दोन म्हनत होतास?"

"मीच पत्रात एक लिवली."

"अन् याच्यासाठी मुंबई? गाडीच्या आसाले मी काय गुंडाळतो रे? अंबाडीचा वाखच ना?"

म्हाताऱ्यानं घरून वाख मागवला आणि तिथंच मांडी ठोकली. मांडीवर वाख वळून त्यानं मुंबईच्या मापाची दोरी विणली आणि एरंडीच्या तेलात बुडवून ठेवली. "तुयी बी भिजव रातभर."

"कंपनीचा माल आहे भाऊ, त्याले कायले भिजवाचं?"

"बरं बाबा," मुखरू म्हणाला.

रविवारी उजाडताच लटारूनं पुढच्या खाचेत मुखरूची दोरी दाबली, मागच्या खाचेत मुंबईची. उन्हं चढली तसा ठेकेदार आला. लटारूनं छातीत श्वास भरून हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं, बांधावरचे बगळे उडाले. धानाच्या दोन बांध्या नांगरून झाल्या तेव्हा गुणवंतराव स्वतः धोतर सावरत वाकले आणि खाली पाहून म्हणाले, "धार नाई. ठेकेदारसायेब, टॅक्टर काई भेटत नाई तुमाले."

ठेकेदार चहा पिऊन आल्या वाटेनं गेला. लटारू मग ट्रॅक्टरखाली शिरला. पुढची बाजू कोरडी ठणठणीत होती. मागून मात्र टप टप थेंब पडत होते. 

"मुखरूभाऊ," खालून आवाज आला, "वाख उरला का घरी?"

"कायले रे?"

"मुंबईवालीले हगवण लागली."

मुखरू एवढा हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. डोळे पुसत त्यानं बांधावर उभ्या वच्छलाला हाक मारली, "ओ डायवरीनबाई! एरंडीचं तेल आना. रातभर भिजवा लागते."

वच्छलानं तेलाची बुधली आधीच पदराखाली आणली होती.