ठमीचा संडास

आमच्या घरात संडास होता आणि आम्ही सगळे बाहेर जात होतो. हसू नका. हसायचंच असेल तर आधी सगळं ऐकून घ्या, मग पोटभर हसा.

झाशीच्या रेल्वे कॉलनीत यांना, म्हणजे आमच्या घरधन्यांना, नवा क्वार्टर मिळाला तेव्हा स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. हे लोको शेडच्या ऑफिसात होते. मी भुसावळची, लग्न होऊन नुकतीच आलेली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागच्या बाजूला घरातच फ्लशचा संडास! मी तर मनातल्या मनात रेल्वेला हात जोडले.

पण आमचे सासरे होते ना, आबासाहेब. त्यांचे पूर्वज पेशवाईत फौजेबरोबर इकडे आले, आणि आबासाहेबांचं बोलणं ऐकलं की वाटायचं, हे स्वतःच आत्ता घोड्यावरून उतरलेत. शहरातलं भाड्याचं घर सोडून ते आमच्याबरोबर राहायला आले आणि आल्या आल्या त्यांच्या लक्षात आलं की संडासाची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच आहे. झालं!

"जिथे अन्न शिजतं त्याच्या पाठीला पाठ लावून हे धंदे? छी छी! रेल्वेवालों को कुछ आचार-विचार है कि नहीं?" असं म्हणून त्यांनी दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली जानव्याला बांधली. रोज सकाळी जानवं कानाला अडकवून, कानाशी ती संडासाची किल्ली खुळखुळवत, हातात तांब्या घेऊन हे गृहस्थ रुळांपलीकडच्या माळावर निघायचे. सगळी कॉलनी बघायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ते पुरुष, त्यांना माळ मोकळा. मी आणि सासूबाई जायचो ओळीच्या टोकाच्या जुन्या सार्वजनिक संडासात. तिथल्या दाराला कडी नव्हती. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं, आणि सगळं उजाडायच्या आत उरकायचं. दिवसा पोटात कळ आली तर दात आवळून बसायचं. मी तर दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं होतं. झाशीच्या उन्हाळ्यात, बाहेर लूचे भाजून काढणारे झोत चालत असताना! कधी कधी रडू यायचं. ते कुलूप मला कसंही करून उघडायला हवं होतं, दुसरं काही मागणं नव्हतं माझं. यांना सांगितलं तर हे म्हणायचे, "आबांना कोण समजावणार?" आणि पेपर उघडायचे.

आता ठमी. ठमी ही आबासाहेबांची मांजर. शहरातल्या घरातून पिशवीत घालून आणलेली, पांढरी, लठ्ठ आणि लाडावलेली. जुन्या घरी तिला अंगण होतं, इथे सगळीकडे फरशी. म्हणून आबासाहेबांनी तिच्यासाठी खोकं करवलं. हे शेडमधून वाळू घेऊन आले, इंजिनाची चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर सोडतात ना, तसली चाळून वाळवलेली. कसली मऊ वाळू! आणि ते खोकं आबासाहेबांनी ठेवलं कुठे, तर मधल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराशी, ठमीच्या दुधाच्या बशीला अगदी खेटून. "तिला सगळं एका जागी मिळेल," म्हणाले. स्वयंपाकघराच्या दारात खोकं ठेवताना कुठे गेला आचार आणि कुठे गेला विचार? "मांजराला विटाळ नसतो," हे उत्तर तयारच होतं.

ठमीनं खोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं आबासाहेबांच्या गादीवर केलं. मग यांच्या बुटात. मग दसऱ्याला घालायची ती पूर्वजांची पगडी उन्हात वाळत ठेवली होती, तिच्यात! मला आतल्या आत इतकं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. पण निस्तरायचं कुणी? मी, या सिंधूनं. गाद्या धुवायच्या सिंधूनं, फिनेल ओतायचं सिंधूनं, आणि वर ऐकायचं, "सूनबाई, तू खोकं नीट ठेवत नाहीस."

शेजारी टहरौलीकडच्या भाभीजी होत्या. त्या म्हणाल्या, "अरी दुल्हन, इसकी नाक रगड़ दो उसी में." आबासाहेबांनी नाक रगडायला हात घातला, ठमीनं मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलं. मग ते तिला खोक्यात बसवून समोर पाटावर बसू लागले. हुकूम सोडायचा झाला की आबासाहेब हिंदीत शिरायचे. "बैठो! यहीं करो! हम देख रहे हैं!" आता सांगा, असं समोर बसून कुणी बघत असेल तर तुम्हाला तरी होईल का?

मी मात्र तिच्याकडे लक्ष ठेवून होते. ती खोक्याशी यायची, वाळू हुंगायची, मग बशीकडे बघायची आणि तोंड फिरवून जायची. एक दिवस मी बोलून गेले, "आबासाहेब, ती जेवते तिथे नाही करणार."

बोलले आणि जीभ चावली. पण उशीर झाला होता. आबासाहेबांचा चेहरा असा खुलला, जणू मला पहिल्यांदाच अक्कल आलेली त्यांनी पाहिली. ते यांच्याकडे वळले.

"वा! ऐकलंस विद्याधर? मांजराला कळतं ते तुझ्या रेल्वेला कळत नाही! खानदानी जनावर आहे!"

संध्याकाळी ओट्यावर पेन्शनर मंडळी जमली की आबासाहेबांचं प्रवचन सुरू. जिथे खावं तिथे करू नये, हा नियम ठमीच्या रक्तात कसा आहे, साहेब लोकांच्या डोक्यात कसा नाही. शेवटी सगळ्यांसमक्ष मांडीवर थाप मारून म्हणाले, "अब इस मामले में जो ठमी कहेगी, वही होगा!" मी आत भाकऱ्या थापत होते. एक भाकरी इतक्या जोरात थापली की फाटली. माझ्याच तोंडानं मी त्या कुलपावर दुसरं कुलूप घातलं होतं.

मग खोकं घरभर फिरलं. पुढच्या दारात ठेवलं, तिथे गल्लीतली कुत्री. खिडकीखाली ठेवलं, तिथे मालगाडी धडधडली की ठमी शेपटी फुगवून पळायची. ती आपली परत गादीवर. आबासाहेब चटईवर झोपू लागले, तरी "कुलीन आहे, कुलीन आहे" चालूच.

अशात संडासाची वरची टाकी गळायला लागली. पाणी भिंतीतून स्वयंपाकघरात उतरलं तेव्हा रेल्वेचा मिस्त्री बोलवावा लागला आणि आबासाहेबांना जानव्याची किल्ली काढून कुलूप उघडावं लागलं. मिस्त्रीनं दुरुस्तीला आणलेली वाळू आत कोपऱ्यात ओतली. जागा शांत, अर्धवट अंधारी, खाण्यापिण्याचा वास नाही, कुणाची ये-जा नाही. ठमी शेपटी उभारून आत गेली. वाळू उकरली, ऐसपैस बसली, सगळं यथासांग केलं, वरून नीट वाळू लोटली आणि मिशा पुसत बाहेर आली.

दारात आम्ही सगळे उभे होतो. मिस्त्री म्हणाला, "बाबूजी, बिल्ली तो बड़ी समझदार है."

मी पदर सावरून आबासाहेबांकडे पाहिलं आणि अगदी गरीब तोंडानं म्हटलं, "ठमीनं सांगितलं हो."

आबासाहेब पाठ फिरवून ओट्यावर जाऊन बसले. मला वाटलं, जिंकले! त्या दुपारी मी दोन भांडी पाणी प्यायले.

संध्याकाळी निकाल लागला. खोकं संडासात ठेवायचं. कुलूप काढायचं. दार दिवसभर उघडं ठेवायचं, ठमीला अडचण नको. आणि आम्ही? "तुमचं काय त्यात? मांजर ते मांजर. घरच्या बायकांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून बसायचं? लोक काय म्हणतील!"

मांजरासाठी संडास उघडला, आणि सुनेसाठी नाही! मला असा संताप आला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्या मोडक्या दाराला पाठ लावून उभी, आत सासूबाई कण्हत बसलेल्या, त्यांचे गुडघे दुखायचे, आणि घरी आमची ठमी महाराणी छपराखाली, मऊ वाळूत! सासूबाई तशाच अर्धवट उठून बाहेर आल्या. लग्न झाल्यापासून आबासाहेबांसमोर त्यांनी तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. भिंतीला धरून त्या उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "पुढच्या जन्मी मांजर व्हावं बाई."

मी त्यांना हात धरून घरी आणलं. मग तांब्या भरला, मागे गेले, ठमीचं खोकं पायानं बाजूला सारलं आणि आतून कडी लावली. कडी! काय सुख असतं हो ते.

थोड्या वेळानं दारावर ओरखडे ऐकू आले आणि म्याँव म्याँव सुरू झालं. मग आबासाहेबांचा आवाज. "दार कुणी लावलं? ठमी खोळंबलीय! कौन है अंदर?"

"मी आहे, सिंधू," मी आतून सांगितलं. "ठमीला म्हणावं, थांब जरा."

आबासाहेब सासूबाईंवर उखडले. "ऐकलंत? सुनेनं सासऱ्याला हे आतून ओरडून सांगायचं? लाज म्हणून नाही! बाहेर काढा तिला आधी!"

सासूबाईंची पावलं दाराशी आली. त्यांच्या बांगड्या तांब्यावर किणकिणल्या. मी कडी घट्ट धरून ठेवली. सासूबाईंनीच दार उघडायला सांगितलं तर मी काय करणार होते?

"सिंधू," त्या चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आटप गं लवकर. ठमीच्या आधी माझा नंबर आहे."