झोपेचं सोंग

इस्त्रीवाल्याची मुलगी दुपारी दुकानातच झोपली आणि झोपेत लॉजच्या चादरींच्या गठ्ठ्यावर मुतली. चादरी संध्याकाळी पोचवायच्या होत्या.

बापाने तिच्या दोन मुस्काटात ठेवून दिल्या. चिमी नुसती कुशीवर वळली आणि पुन्हा घोरू लागली.

"बघ," तो बायकोला म्हणाला. "झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही."

"अहो, तिची झोपच तशी आहे. उद्या डॉक्टरांना दाखवते."

"डॉक्टर कशाला? घोडी झाली तरी रोज मुततेय. हिचं लग्न काय गादीशी लावायचं?"

"रबरी गादी बघा म्हणजे झालं," शेजारचा शिंपी म्हणाला आणि हसला. त्या हसण्याने बिघडलं.

इस्त्री तापली का, हे तो थुंकी लावलेल्या बोटाने बघायचा. आताही बघितलं. चर्र झालं. त्याने इस्त्री चिमीच्या तळपायाजवळ धरली.

"सोंग असेल तर पाय ओढेल."

पाय हलला नाही. तो इस्त्री आणखी जवळ नेत राहिला. बायको गठ्ठे तुडवत पोचली तोवर कातडी चिकटली होती. आता मात्र चिमी जागी झाली.

बायकोने इस्त्री हिसकावली. त्याचा दुसरा हात टेबलावर टेकलेला होता. त्यावर इस्त्री ठेवून तिने दोन्ही हातांनी दाबली, कॉलर दाबतात तशी. तो गुडघ्यांवर आला. शिंप्याने मशीन सुरू केलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पायाला पट्टी बांधली, सुई दिली. घोरण्याचं ऐकून घसाही तपासला.

"टॉन्सिल सुपारीएवढे झालेत. रात्रभर श्वास अडकतो, झोप पुरी होत नाही. मग डोळा लागला की ही पार बुडते, लघवी भरलेली कळत नाही. उपचार आहेत यावर."

"म्हणजे सोंग नाही?"

"सोंग घ्यायला जागं असावं लागतं, बाई."

दारात नवरा उभा होता, हाताला ओला टॉवेल गुंडाळून. त्याने ऐकलं होतं. पण त्याची नजर तपासणीच्या टेबलावर होती. सुईने चिमीला पुन्हा झोप लागली होती आणि तिच्याखालची चादर ओली होत होती. त्याचा धड हात सवयीने वर गेला.

बायकोने लोखंडी स्टूल उचलून त्याच्या कोपरावर घातलं. हाड वाजलं. स्टूल फरशीवर आदळून भिंतीपर्यंत गेलं.

"बाहेर हो तू," ती म्हणाली.

चिमी घोरत होती.