भरल्या गाडीचं माप

राजदीपने जीप उंच करून आणली तेव्हा माझ्या सासूबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "गाडी आली, शिडी कुठंय?"

"आई, नाल्यातल्या खडकावर पोट टेकायचं तिचं."

"मग आता तिचं पोट टेकणार नाही, आमचे पाय टेकणार नाहीत."

मैत्री माझ्या कडेवर होती. तिला जीप पसंत पडली, कारण पुढचा दिवा आता थेट तिच्या डोळ्यांसमोर येत होता. राजदीप कौतुकाने कधी गाडीकडे बघायचा, कधी लेकीकडे. मला दोघींचाही हेवा वाटला नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

माझं माहेर जळगावचं, मेहरूणचं. तिथे गाडी बिघडली की माणूस रिक्षा करतो. इथे साक्रीच्या पश्चिमेला, मी जिथे उपकेंद्रात नर्स आहे, तिथून वरच्या पाड्यावर जायला एकच वाट आहे आणि त्या वाटेवर चालणारी गाडी एकच, राजदीपची. ॲम्ब्युलन्स उपकेंद्रापर्यंत येते. पुढे खडी चढण, मग नाला, मग परत चढण. त्या नाल्यात जीप अडकली की पाड्यावरची माणसं येऊन ती उचलल्यासारखी ढकलायची. बाजाराच्या दिवशी त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पण या वर्षी शीतल होती.

शीतल म्हणजे वरच्या पाड्यावरच्या बुधीअक्काची सून. दुसरी खेप. धुळ्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत पाहिलं तर वार खाली, पिशवीच्या तोंडाशीच. त्यांनी मला फोनवर नीट बजावलं होतं: दिवस भरायच्या आधीच तिला दाखल करा, आणताना हादरे टाळा, रक्त लागेल याची तयारी ठेवा. रक्तस्राव वाटेत सुरू झाला तर माझ्या हातात फार काही उरणार नव्हतं. हे मी राजदीपला सांगितलं, आणि तो आठवडाभरात जीप घेऊन धुळ्याला गेला. निंबा मिस्त्री त्याचा आयटीआयपासूनचा मित्र. दोघांनी मिळून स्प्रिंगचे नवे, जास्त कमानीचे पाटे बसवले, चार इंच उंची वाढवली. गाडी वर गेली की तिच्या पोटाखालून मागच्या चाकांकडे फिरत जाणारा लोखंडी शाफ्ट तिरपा होतो, त्याला लांबी कमी पडते, म्हणून त्याची सरकती बाहीही लांब करून घेतली. हायवेवर पळवून पाहिली. लोण्यासारखी.

बाजाराच्या दिवशी ती पहिल्यांदा पाड्यावर गेली. नाल्यातला खडक तिने सहज ओलांडला. येताना मात्र माणसं भरली, चढ लागला आणि खालून घरघर सुरू झाली. पायांखालचा पत्रा थरथरायला लागला. डबे वाजले, कोंबड्या ओरडल्या. बुधीअक्काने अंड्यांची टोपली पोटाशी धरली होती.

"रिकामी र्‍हास तवय तुनी गाडी शानी शे, भाऊ," ती म्हणाली. "आम्हीन बसनूत का तिच्या आंगात येस."

सगळे हसले. राजदीपही हसला, पण त्याच्या मानेवरची शीर मला दिसत होती. घरी आल्यावर तो जेवला नाही. त्या थरथरीवर शीतलला झोपवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मैत्रीला घेऊन पाड्यावर गेलो. गाडी रिकामी होती आणि शहाण्यासारखी गेली. राजदीपने बुधीअक्कासमोर प्रस्ताव मांडला. शीतलला नेताना फक्त तिचा नवरा विक्रम आणि मी बसायचं, बाकी कुणी नको. हलकी गाडी हादरत नाही.

बुधीअक्का शेणाने अंगण सारवत होती. हात न थांबवता म्हणाली, "एकली नही जावाव ती."

"एकटी कुठंय? विक्रम असेल, ही असेल."

"आनि रगत लागनं ते? तुनी गाडी देई?"

पाड्याची रीत मला ठाऊक होती. अडलेली बाई दवाखान्यात निघाली की घरातलं आणि शेजारचं जे धडधाकट असेल ते तिच्याबरोबर निघतं. शहरातले लोक याला गर्दी म्हणतात, वॉर्डाच्या दारातून हाकलतात. पण मागच्या वर्षी याच गर्दीतल्या दोघांनी रक्त दिलं म्हणून एक बाई वाचली, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी राजदीपकडे पाहिलं आणि मान हलवली. अक्का बरोबर होती.

"माणसं येतीनच," अक्काने सारवलेल्या जागेवरून मागे सरकत सांगितलं. "गाडी नही जमत ते झोळी शे. इक्रम आनि तिन जन उचलतीन."

झोळीला मी नावं ठेवत नाही. पण नाल्याच्या उतारावर चौघांचे पाय एका वेळी घसरले तर काय, हा विचार माझ्या मनातून जाईना. शीतल दारात उभी राहून ऐकत होती. तिचा पहिला मुलगा तिच्या पदराला धरून मैत्रीला बघत होता.

परतताना नाल्यापाशी राजदीपने गाडी थांबवली.

"मी माप रिकाम्या गाडीचं घेतलं," तो म्हणाला.

मला कळलं नाही. त्याने मग हातांनी दाखवलं. एक मूठ म्हणजे गिअरबॉक्सचं तोंड, दुसरी मूठ म्हणजे मागच्या चाकांना जोडणाऱ्या धुरीचं नाक, मध्ये मैत्रीचा खुळखुळा म्हणजे शाफ्ट. दोन्ही टोकांना क्रॉसचे सांधे. वरच्या टोकाला मान जेवढी वाकते, तेवढीच खालच्या टोकाला वाकली पाहिजे. एक जास्त, एक कमी झाली की शाफ्ट लंगडत फिरतो. गॅरेजमध्ये त्याने पाट्यांखाली लोखंडी पाचर घालून दोन्ही वाक अगदी सारखे केले होते. पण तेव्हा गाडीत कुणीच नव्हतं. माणसं बसली की पाटे दबतात, चढावर जोर लागला की अजून पिळतात, आणि धुरीचं नाक वर उचललं जातं.

"गाडी कुणासाठी आहे तेच विसरलो मी," तो म्हणाला. मैत्रीने खुळखुळा परत मागितला. त्याने दिला.

दोन दिवसांनी तो जॅक, पाने, वेगवेगळ्या जाडीच्या पाचरी आणि ओळंबा घेऊन पाड्यावर गेला. मी लसीकरणाची पेटी घेऊन बरोबर होते, मैत्री पाठीला बांधलेली. सपाट जागा बघून त्याने जीप लावली, चाकांना दगड लावले आणि सांगितलं, "सगळे बसा."

"कोठे जावानं शे?" बिजला आबांनी विचारलं. ते अक्काचे मालक.

"कुठंच नाही. नुसतं बसायचं."

असं आमंत्रण पाड्यावर कुणाला कधी मिळालं नव्हतं. हातातली कामं टाकून लोक आले. जे धुळ्याला जाणार होते तेच बसले, आणि जिथे बसणार होते तिथेच बसले, असा राजदीपचा आग्रह होता. शीतलच्या जागी धान्याचं पोतं आडवं ठेवलं. राजदीप खाली शिरला. फक्त त्याच्या चपला बाहेर दिसत होत्या.

"सुगंधा, हालू नको, भाऊना हिसाब चुकी."

"मी कोठे हालू राहिनू? तुच जड व्हयनी."

"अक्का, मैत्रीले धरं का वजनमा?"

"तिनं वजन तिन्या मायना कंबरले इचार."

खालून आवाज आला, "उतरा."

सगळे उतरले. जॅक लागला, पाटे आवळणारे यू-बोल्ट ढिले झाले, पाचर बदलली, बोल्ट आवळले. "बसा." सगळे बसले. "उतरा." उन्हं वर येत गेली. तिसऱ्या वेळेला मला वाटलं, आता कुणीतरी कंटाळून निघून जाईल. कुणी गेलं नाही. अक्काच्या शेजारच्या सुगंधाबाईने बसल्या बसल्या शेंगा सोलल्या. मी जीपमध्येच दोन पोरांना डोस पाजले. दवाखान्यांत मी भल्याभल्यांना रांगेत अर्ध्या तासात चिडताना पाहिलंय. इथे माणसं एका न हलणाऱ्या गाडीत पुन्हा पुन्हा चढत होती, कारण त्यातून एक बाई सुखरूप जाणार होती. त्यात विशेष काही आहे असं त्यांच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं.

राजदीप बाहेर आला तेव्हा डोळ्यांच्या पापण्यांवरही धूळ होती. तो चाकाला टेकून बसला.

"पाचरीने निम्मं काम झालं. उंचीच जास्त आहे," तो मला म्हणाला. "शाफ्ट इतका तिरपा राहिला तर थरथर थोडी उरणारच. एक पाटा काढावा लागेल. दोन इंच खाली."

ती उंची त्याने किती हौसेने केली होती ते मला माहीत होतं. धुळ्यात सिग्नलला लोक वळून बघत होते, हे त्याने मला दोनदा सांगितलं होतं.

"मग खडक?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली.

बिजला आबा एवढा वेळ विडी न पेटवता ऐकत होते. ते उठले, घरात गेले आणि पहार घेऊन बाहेर आले. "गाडी दोन बोटं खाले घे तू," ते म्हणाले. "खडक आम्हीन घेतस."

राजदीपने पाटा काढेपर्यंत विक्रम, आबा आणि आणखी चौघं नाल्यात उतरले होते. खडक उखडणारा नव्हताच. पण त्याचा माथा पहारीने आणि घणाने त्यांनी फोडून काढला, आणि फुटलेले तुकडे दोन्ही बाजूंच्या खाचांत बसवले. संध्याकाळी मी खाली जाऊन पाहिलं. कुणी रस्ता बांधला असं म्हणता आलं नसतं. नाल्याने थोडं अंग चोरून घेतलं होतं, एवढंच.

शाफ्ट परत जोडताना राजदीपने आधी केलेल्या खडूच्या खुणा समोरासमोर आणल्या. बाहीचा एक दात जरी पुढेमागे झाला तर सगळी मेहनत वाया, असं पुटपुटत होता. मग सगळ्यांना शेवटचं बसवलं. या वेळी खरंच जायचं होतं.

बुधीअक्काने पोतं उतरवायला लावलं. तिथे गोधडी अंथरली आणि ती स्वतः शीतलच्या जागेवर आडवी झाली. कुशीवर, पाय दुमडून, जशी शीतल निजणार होती तशी. पदर तोंडावर घेतला.

"अक्का, पडशीन," सुगंधाबाई म्हणाली.

"बोलू नको. माले आयकू दे."

राजदीपने गाडी हळू काढली. उतार उतरला, नाला ओलांडला, पलीकडचा चढ घेतला, भरल्या गाडीने. मी आरशात त्याचा चेहरा बघत होते. तो रस्ता बघत नव्हता असं नाही, पण तो पायांच्या तळव्यांनी ऐकत होता. पत्रा शांत होता. एका वळणावर बारीकशी घरघर आली आणि गेली. उपकेंद्रापाशी वळून गाडी परत वर आली. सगळा वेळ अक्का तोंडावरचा पदर काढेना.

अंगणात गाडी थांबली. अक्का उठून बसली, केस नीट केले. राजदीप इंजिन बंद करून वाट बघत होता. मैत्रीला पहिल्यांदा हातात घेतलं होतं तेव्हा तो असाच उभा होता, काही चुकेल की काय म्हणून श्वास धरून.

अक्काने त्याच्याकडे पाहिलं नाही. विक्रमला हाक मारली. "झोळीना दोर सोडी टाक. ढोरले लागस तो."

राजदीपने चेहरा फिरवला आणि उगाच बोनेट उघडून आत बघायला लागला.

पुढच्या आठवड्यात शीतलला नेलं. सकाळीच निघालो. ॲम्ब्युलन्स उपकेंद्रापाशी उभी करून ठेवली होती. जीपमध्ये सगळे आपापल्या ठरलेल्या जागांवर बसले, जणू पाट मांडले होते. शीतल कुशीवर निजली होती, माझा हात तिने घट्ट धरला होता, आणि तिची बोटं नाल्याची वाट बघत होती. मला ते कळत होतं. मीही बघत होते. अक्का तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. राजदीप इतका हळू चालवत होता की एक कुत्रं बराच वेळ आमच्या बरोबरीने चाललं.

बऱ्याच वेळाने शीतलने डोळे उघडले. "ताई, नाला कवय येई?"

"गेला," मी म्हणाले. "मघाशीच गेला."

तिने माझ्याकडे अविश्वासाने पाहिलं, मग अक्काकडे. अक्काने मान हलवली. तेव्हा तिने माझा हात सोडला.

ॲम्ब्युलन्स तिला आणि मला घेऊन पुढे गेली, जीप मागून आली. ऑपरेशन झालं. रक्त लागलं. विक्रमचं जुळलं नाही, सुगंधाबाईचं आणि आणखी एकाचं जुळलं. मुलगी झाली, लहानखुरी आणि भांडखोर. अक्काने तिला हातात घेऊन आधी तिचे पाय मोजल्यासारखे दाबून पाहिले.

माणसं तिथेच थांबली. राजदीप आणि मी परत निघालो, मैत्री सासूबाईंकडे होती म्हणून घाई होती. कुसुंब्याच्या पुढे रिकाम्या गाडीच्या खालून बारीक घरघर यायला लागली.

"ऐकू येतंय का?" मी विचारलं.

"येतंय. नाक खाली बांधलंय ना, रिकामी असताना थोडी बोलणारच."

"निंबाभाऊंना दाखवायची का?"

"त्याने फोनवर तेच सांगितलं, पाचर बदलून घे, हायवेला गप्प चालेल." त्याने हात खिडकीबाहेर काढला, वारा घेतला. "नको म्हटलं."

साक्रीपर्यंत ती तशीच कुरकुरत आली. मला झोप लागली.