रनाळ्यात आलेली पॅरिसची बाई

माझं माहेर धुळ्याचं. तिथे महिन्याला एक तरी सिनेमा थेटरात बघितल्याशिवाय मला जेवण गोड लागत नसे. लग्न होऊन रनाळ्याला आले आणि माझा सिनेमा फोनच्या काचेत जाऊन बसला. गावात पडदा नव्हता असं नाही. मंडळाने वर्गणी काढून प्रोजेक्टर आणला होता, पण त्यावर फक्त क्रिकेट. पुरुष ग्रामपंचायतीसमोर खुर्च्या टाकून मॅच बघायचे आणि आम्ही बाया घरात भाकरी थापत त्यांच्या आरोळ्यांवरून विकेट पडली की चौकार बसला, ते ओळखायचो.

म्हटलं, बास झालं. शनिवारचा पडदा बायांचा.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझे सासरे, हिंमतराव आबा. माणूस सोन्यासारखा, पण सिनेमा बघितला की माणूस वाया जातो, हे त्यांचं ठाम मत. त्यांच्यासमोर मी डोक्यावर पदर घेऊनच बोलते. पण पदर डोक्यावर असतो, जिभेवर थोडाच! रोज चहा देताना भुणभुण लावली. शेवटी ते वैतागले.

"एक डाव लाव. मी सोता पुढे बसीसन देखसू. सुनास्नासंगे बसीसन देखता येई असा पिक्चर पायजे. एक बी सीन असातसा ऊना, ते पडदा क्रिकेटले. मंग परत नाव काढानं नही."

मंडळाचा खजिनदार चुडामण तिथेच बसला होता. क्रिकेटचा सगळ्यात मोठा भक्त तोच. तो मिशीतल्या मिशीत हसला. "वहिनी, एक शनवार बी टिकाव नही."

मग मी शोधून शोधून लहान मुलांचा सिनेमा काढला. हिंदीत बोलणारा. शाळेच्या सहलीला आलेले भाऊ-बहीण पॅरिसच्या लूव्रमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या चित्रसंग्रहालयात, चुकून कोंडले जातात आणि नेमका त्याच दिवशी तिथे एक चोर शिरतो. मारामारी नाही, शिवीगाळ नाही, लाडीगोडीची गाणी नाहीत. फोनवर दोनदा बघून घेतला आणि निर्धास्त झाले.

शनिवारी दिवेलागणीलाच बाया जमल्या. माझ्या नवऱ्याने, भाग्येशने, प्रोजेक्टर लावला. पुरुष खुर्च्यांवर, आबा पहिल्या खुर्चीत. सासूबाई धनुबाई, त्यांना आम्ही सगळे माय म्हणतो, माझ्या लहानीला मांडीवर घेऊन सतरंजीच्या टोकाला बसल्या. सतरंजीवर इतकी दाटी झाली की निम्म्या बाया मातीतच टेकल्या.

पडद्यावर लूव्रची लांबच लांब दालनं उघडली. चुडामण मोठ्याने म्हणाला, "कापूस ठेवाले कितली बेस जागा शे!" लोक हसले, आबासुद्धा थोडे हसले. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात ती मुलं पळत एका दालनात शिरली आणि समोर संगमरवरी बाई. कमरेला वस्त्र, तेही घसरत आलेलं. वर काहीच नाही. फोनवर ती अंगठ्याएवढी होती, माझ्या ध्यानातही आली नव्हती. ग्रामपंचायतीसमोरच्या पडद्यावर ती कडुनिंबाएवढी उभी राहिली!

बायांचे पदर नाकापर्यंत आले. पुरुष आपापल्या चपला बघू लागले. आता जन्मभर क्रिकेट! आबा उठून उभे राहिले. त्यांची सावली पडद्यावर, त्या बाईच्या गुडघ्यांवर पडली.

"भाग्येश," ते म्हणाले, "बंद कर हाई."

भाग्येश आज्ञाधारक मुलगा. त्याचा हात बटणाकडे गेला, आणि सतरंजीच्या टोकाकडून आवाज आला.

"अरे, तिले हातच नहीत!"

माय बोलली होती. चारचौघांत, आबांच्या देखत. लग्न झाल्यापासून तिने हे कधी केलं नसेल. "हातच नहीत, ते पदर कशी धरी बिचारी?"

मग मागून एक म्हातारी हळहळली, "कोनी तोडात व माय?" दुसरी म्हणाली, "कितला दिनफाइन उभी व्हई तशीच!" एकेक पदर नाकावरून खाली आला. बाया माना लांब करून तिचे तुटलेले खांदे बघायला लागल्या. पुरुषांनीही चपला सोडून वर बघितलं. आता ती उघडी बाई राहिली नव्हती, कुणाची तरी लेक झाली होती.

आबा उभेच होते. त्यांनी पडद्याकडे नीट बघितलं, मग सतरंजीकडे, आणि खाली बसले. भाग्येशने हात मागे घेतला.

पुढे चोर पळत त्याच दालनात आला, तेव्हा सगळ्या बाया एका सुरात ओरडल्या, "धक्का लागी रे तिले!" मुलांनी चोराला पकडून दिलं तेव्हा पहिली शिट्टी चुडामणची होती.

सिनेमा संपला. आबांनी टोपी सारखी केली आणि घराकडे निघाले. चुडामणने विचारलं, "आबा, मंग क्रिकेट ना?" आबा चालतच राहिले. माझा जीव टांगणीला.

आम्ही त्यांच्या मागोमाग चाललो. माझ्याकडे पाण्याचा जार आणि पोरांच्या पिशव्या. मायच्या खांद्यावर झोपलेली लहानी, दुसऱ्या काखेत गुंडाळलेली सतरंजी. देवळाच्या वळणावर तिच्या डोक्यावरचा पदर घसरून खांद्यावर आला. तापातसुद्धा मी तिचं डोकं उघडं बघितलेलं नाही. नेमके तेव्हाच आबा मागे वळले. मी जागीच थांबले.

आबांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या दोन्ही हातांकडे बघितलं. मग परत आले, तिच्या काखेतली सतरंजी काढून स्वतःच्या खांद्यावर टाकली. मायचा हात मोकळा झाला. तिने तो पदराला लावला नाही, नातीच्या पाठीवर ठेवला.

आबा पुढे चालू लागले.

"काजल," मागे न बघता ते म्हणाले, "पुढला शनवारले मोठी सतरंजी काढजो. हाई पुरत नही."