मालकाचा मंगळवार

मंगळवारी नंदा धंदा करत नसे. येरमाळ्याच्या हमरस्त्यामागची तिची खोली त्या दिवशी गिऱ्हाइकाला बंद. कुणी कडी वाजवलीच, तर शिव्या खाऊन जायचा. मंगळवार मालकाचा. धंद्यातल्या बाया जिवाच्या माणसाला मालक म्हणतात. हा मालक, मच्छिंद्र, ट्रकचे पंक्चर काढायचा आणि दोन्ही वेळा नंदाच्याच हातचं गिळायचा. पण म्हणायचं मालक! सहा वर्षांपूर्वी येडेश्वरीच्या पायरीवर त्यानं तिच्या गळ्यात चार काळे मणी बांधले आणि तेवढ्यावर ही खुळी लग्नाची बायको झाली.

तिचा एक नेम होता. गिऱ्हाईक कितीही गयावया करो, निरोधाशिवाय अंगाला हात लावू द्यायचा नाही. मालकाला मात्र निरोध नाही. दवाखान्यातली ताई समजावून थकली. "ताई, नवऱ्याला कुणी रबर लावतं व्हय?" असं म्हणून नंदा उलट तिलाच हसायची.

त्या मंगळवारी दुपारी धपाटे चापून मच्छिंद्र खाटेवर बसला. नंदा लाडानं शेजारी टेकली, तर त्यानं खिशातून निरोधाचं पाकीट काढलं.

नंदा झटकन उठली.

"ह्ये काय वो?"

"आजपासनं ह्येच वापरायचं, नंदे."

"का? म्या काय आजारी हाय का? रगत तपासून घेते की म्या!"

मच्छिंद्रनं मान खाली घातली. "लगीन ठरलंय माझं. वाशीची पोरगी हाय. तिला काय व्हाया नगं."

 लग्न करायचं तर खुशाल करावं, पण या गड्याला नवी बायको जपायची होती आणि मंगळवारही सोडायचा नव्हता! आणि जपायची कुणापासून, तर नंदापासून.

त्याला लाज वाटावी, त्यानं पाय धरावेत, निदान एक थोबाडीत तरी मारावी, असं तिला फार वाटलं. म्हणून मालकाला जन्मात कधी एकेरी न बोललेली नंदा गिऱ्हाइकाला म्हणतात तसं म्हणाली, "मग आदी पैसे टाक."

मच्छिंद्रनं मान वर केली. ओझं उतरल्यासारखा त्याचा चेहरा सैल झाला. त्यानं खिशात हात घातला.

"किती?"

नंदा त्याच्याकडं बघतच राहिली. एरवी झोपेतही सांगता येणारा आकडा तिच्या तोंडून काही केल्या निघेना.