पानाच्या पाठीवरचे पॉलिश

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे आणि माझा रंगही उडत चालला आहे. तो पुरता जायच्या आत तुमच्याशी चार शब्द बोलावेत म्हणतो. मी आहे रबराच्या झाडाच्या सर्वांत खालच्या पानातला एक हिरवा कण. शाळेच्या पुस्तकात माझे नाव हरितलवक असे भारदस्त छापलेले असते. ते ऐकले की मला उगाचच कडक इस्त्रीचे कपडे घातल्यासारखे वाटते. तुम्ही आपले हिरवा कण म्हणा. पानाच्या एकेका पेशीत आम्ही दाटीवाटीने राहतो आणि तुमच्या डोळ्यांना आमच्यातला एकही दिसत नाही. मग मला बाहेरचे कसे दिसले, कसे ऐकू आले, असे मात्र विचारू नका. आपली गोष्ट सांगायला बसलेल्याला एवढी सूट द्यावी लागते.

जन्मलो तेव्हा मी हिरवा नव्हतोच. झाडाच्या शेंड्याला तांबूस टोपणात गुंडाळलेले एक कोवळे पान होते. त्याच्या आत मी होतो. फिकट, इवलासा, कशाचाही गंध नसलेला. एके सकाळी टोपण सुटले, पान उलगडले आणि माझ्यावर ऊन पडले. ते ऊन अंगात मुरत गेले तसा मी हिरवा होत गेलो. माझ्या आत पातळ चकत्यांच्या चळती रचल्या गेल्या आणि त्या चकत्यांमध्ये हरितद्रव्य भरले. तेव्हापासून ऊन आले की काम आणि ऊन गेले की आराम, असा माझा दिवस ठरून गेला.

आमची कुंडी एका पॉलिशवाल्याच्या कारखान्यात होती. कारखाना म्हणजे काय, रस्त्याकडची पुढची मोठी खोली. मागे स्वयंपाकघर आणि निजायची खोली. गल्लीतले सगळे त्या नवराबायकोला पॉलिशकाका आणि काकू म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणतो. पुढच्या खोलीत उतरवलेली कपाटाची दारे, तीन पायांवर तोललेल्या खुर्च्या आणि पॉलिशचे डबे यांतून वाट काढत चालावे लागे. काका पॉलिश पेपरने लाकूड घासू लागले की पिठासारखी बारीक धूळ उडायची आणि खिडकीतल्या आमच्या पानांवर येऊन बसायची. मग काकू ओले फडके घेऊन यायच्या. "चला, तोंडं धुवून घ्या," असे म्हणत एकेक पान हलक्या हाताने पुसायच्या. त्यांच्यासारखा हात मी पुन्हा कधी अनुभवला नाही.

आता माझ्या कामाबद्दल सांगतो. मोठी माणसे त्याला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. मुळांनी ओढलेले पाणी देठातून माझ्यापर्यंत पोचते. चकत्यांमधले हरितद्रव्य ऊन पकडते आणि त्या उन्हाच्या जोरावर आम्ही पाणी फोडतो. पाण्यातला ऑक्सिजन सुटा होऊन बाहेर जातो, आणि उन्हातून मिळालेली शक्ती आमच्या हाताशी उरते. हे झाले अर्धे काम. उरलेले अर्धे चकत्यांच्या बाहेर चालते. तिथे एक विकर आहे, म्हणजे पेशीतला कामकरीच म्हणा. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड धरतो आणि आम्ही साठवलेल्या शक्तीने त्याची साखर बनवण्याचे काम सुरू होते. हा गडी कमालीचा संथ. शिवाय नजरेने अधू. भोवती कार्बन डायऑक्साइड कमी आणि ऑक्सिजन फार झाला की चुकून ऑक्सिजनलाच मिठी मारतो. मग त्याचा घोळ निस्तरता निस्तरता आमच्या नाकी नऊ येतात. पण त्याच्यावाचून एक कणही साखर होत नाही, म्हणून सगळे त्याला सांभाळून घेतात.

हा कार्बन डायऑक्साइड आत येतो पानावरच्या बारीक तोंडांतून. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. प्रत्येक रंध्राला दोन पेशींचे ओठ असतात, ते उघडतात आणि मिटतात. आमच्या झाडाची सगळी रंध्रे पानाच्या पाठीवर, म्हणजे खालच्या बाजूला. हे तेवढे लक्षात असू द्या, कारण घोटाळा तिथेच झाला.

गिऱ्हाइके यायची ती आधी झाडाकडे बघायची आणि मग आपल्या टेबलाकडे. काकूंना त्याचा फार अभिमान.

"अहो, बघितलंत? तुमच्या टेबलापेक्षा माझं झाडच जास्त चमकतंय," त्या काकांना चिडवायच्या.

"मनात आणलं तर दगडालाही चमक आणीन मी. तुझं झाड काय घेऊन बसलीस!"

"हात तर लावून बघा माझ्या झाडाला!"

असे ते रोजचे चालायचे. आम्ही आपले ऐकत साखर करत बसायचो. सुखाचे दिवस होते ते.

पण जी धूळ पानांवर बसत होती, ती काकूंच्या छातीतही बसत होती. पानांना पुसायला काकू होत्या. काकूंच्या छातीला कोण पुसणार? आधी खोकला आला, मग जिना चढताना धाप लागू लागली, आणि एके दिवशी फडके हातात असतानाच त्या खाली बसल्या. त्यांची लेक धावत आली आणि त्यांना दवाखान्यात घेऊन निघाली. उंबऱ्यात थांबून काकूंनी मागे वळून पाहिले.

"अहो, झाडाकडे बघा हं. मी परत आले ना, की मला ते हिरवंगार दिसलं पाहिजे."

काकांनी मान हलवली. डॉक्टरांनी लाकडाच्या धुळीचे नाव घेतले तेव्हापासून त्यांनी पॉलिश पेपरला हात लावला नाही. दवाखान्यातून आले की आमच्यासमोर स्टूल टाकून बसायचे. बायकोसाठी आपल्या हातून काही होत नाही, हे त्या माणसाला सहन होत नव्हते. आणि आपल्या हातांना काय येते, याचा विचार करता करता त्यांना ती कल्पना सुचली.

त्यांनी मेण पातळ केले, त्यात जवसाचे तेल घातले. नेहमीच्या पॉलिशमधल्या स्पिरिटने पान जळेल एवढे त्यांना कळत होते, म्हणून ते टाळले. जुन्या बनियनचा मऊ बोळा केला आणि पहिले पान हातात घेतले. काकांच्या कामाची एक खोड गल्लीला माहीत होती. टेबलाची खालची बाजू, खणाची पाठ, कपाटाचा भिंतीकडचा भाग, जिथे कुणाची नजर जात नाही तिथेही ते तितकेच मन लावून पॉलिश करायचे. "अहो काका, तिथं कोण बघतंय?" असे कुणी म्हटले की "मी बघतोय ना!" हे उत्तर ठरलेले.

तसेच त्यांनी आमचे केले. पान तळहातावर उलटे धरले आणि पाठीवरूनही बोळा फिरवला, शिरांच्या खाचा न सोडता. वरून चमकवून थांबले असते तर आमचे फारसे बिघडले नसते. पण हातचे काम अर्धवट सोडणे त्यांच्या रक्तातच नव्हते. मित्रांनो, त्या बोटांतली माया मला आत कळत होती. म्हणून मला त्यांचा राग कधी आलाच नाही.

पाठीवरची तोंडे मेणाने बुजली. दुसऱ्या दिवशी ऊन नेहमीसारखे आले आणि आम्ही कामाला लागलो. थोड्याच वेळात आतला कार्बन डायऑक्साइड संपत आला. ऑक्सिजनला बाहेर पडायला वाट मिळेना, तो आतच दाटू लागला. आमचा अधू गडी भराभर ऑक्सिजन धरू लागला आणि घोळावर घोळ घालू लागला. पानातून वाफ बाहेर जाईना, म्हणून पाणीही वर ओढले जाईना. ऊन तेवढे येतच राहिले. जे ऊन माझे अन्न होते तेच आता अंगावर येऊ लागले, कारण त्याचे करायचे काय हेच कळेना. माझ्या चकत्या फाटू लागल्या, हिरवेपणा विरू लागला. मी घाबरलो होतो. दारे बंद असलेल्या घरात माणसाला कसे वाटत असेल, ते मला तेव्हा समजले.

पान फिके पडलेले बघून काकांना वाटले, काम एका हातात भागले नाही. त्यांनी पॉलिशचा आणखी एक हात दिला. तरी पिवळेपणा वाढला, तेव्हा झाडाला ऊन कमी पडत असेल म्हणून कुंडी उचलून थेट दारातल्या कडक उन्हात ठेवली. एक पान गळले, मग दुसरे. गळलेली पाने त्यांनी खणात लपवली.

"बाबा, झाड कसं आहे, आई विचारत होती," लेक म्हणाली.

"मजेत आहे म्हणून सांग," काका म्हणाले. ती गेल्यावर ते आमच्याजवळ स्टूल ओढून बसले. "ती घरी आली की तिला काय सांगू रे मी?" त्यांनी झाडालाच विचारले. मला तोंड असते तर मी सांगितले असते. पण माझी तोंडे तर त्यांनीच बुजवली होती.

काकू घरी आल्या त्या लेकीच्या हाताला धरून. चेहरा उतरलेला, पण डोळे आधी झाडाकडे गेले. "अगबाई, केवढं चमकतंय!" त्या हसल्या. मग जवळ आल्या आणि त्यांना पिवळेपणा दिसला, गळलेल्या पानांच्या मोकळ्या जागा दिसल्या. त्यांनी माझे पान हातात घेतले, अंगठा वर आणि बोटे खाली. बोटे मेणावरून घसरली.

"अहो, खालून काय लावलंत?"

"मेण आणि तेल. दोन्ही बाजूंनी केलंय. एवढीशीसुद्धा जागा सोडली नाही," काका म्हणाले. पण आवाजात नेहमीचा तोरा नव्हता.

लेकीने पान उलटे करून बघितले. "बाबा, पानं खालूनच श्वास घेतात हो. शाळेत दाखवलं होतं आम्हाला."

काका स्टुलावर बसलेच. "माझ्या धुळीनं हिला कोंडलं आणि माझ्या पॉलिशनं ह्याला," ते म्हणाले. त्यांनी बाहीने डोळे पुसले.

काकू म्हणाल्या, "श्वास कोंडला की कसं होतं, ते मला विचारा. रडत काय बसलात? कोमट पाणी आणा, साबण आणा. लावता येतं त्याला काढताही येतं ना?"

आणि मित्रांनो, त्या पॉलिशवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा आपलेच पॉलिश उतरवायला घेतले. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने, शिरेच्या कडेकडेने, जराही घाई न करता. काकू खुर्चीत बसून पान धरून देत होत्या. दवाखान्यात त्यांना श्वासाचा व्यायाम शिकवला होता: नाकाने आत घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून सावकाश बाहेर सोडायचा. पान धुतले गेले, पुसले गेले, आणि काकू त्याच्या पाठीवर वाकून तसाच श्वास सोडत होत्या. तेवढ्यात माझ्या जवळचे एक रंध्र किलकिले उघडले.

किती तरी दिवसांनी आत आलेला तो पहिला कार्बन डायऑक्साइड काकूंच्या श्वासातला होता. आमच्या संथ गड्याने तो धरला. माझ्या उरल्यासुरल्या चकत्यांनी ऊन पकडले, पाणी फोडले. साखर झाली, अगदी चिमूटभरही नाही, पण झाली. सुटलेला ऑक्सिजन त्याच रंध्रातून बाहेर पडला आणि काकूंच्या चेहऱ्याकडे गेला. त्यांनी पुढचा श्वास घेतला त्यात तो असेल का? असावा, असे मला फार वाटते.

झाड वाचले. माझे पान मात्र सर्वांत जुने, त्याला पुन्हा हिरवे होणे जमले नाही. काका कात्री घेऊन आले होते, पण काकूंनी थांबवले. "राहू दे. गळायचं तेव्हा गळेल. तोवर नव्या पानाला देतंय काहीतरी." खरेच आहे ते. सध्या मी माझ्या चकत्या उसवतो आहे आणि त्यातले जे जे उपयोगाचे, ते देठातून वर पाठवतो आहे. शेंड्याला पुन्हा तांबूस टोपण आले आहे. काका आता लाकूड मागच्या मोकळ्या अंगणात, तोंडाला फडके बांधून घासतात. रोज सकाळी ओले कापड घेऊन काकूंबरोबर पाने पुसतात आणि पाठीवर पाण्याशिवाय काही लावत नाहीत.

तर मित्रांनो, ज्याला जपायचे आहे त्याच्यावर आपल्या आवडीचे काही चढवण्याआधी, ते श्वास कुठून घेते एवढे मात्र बघत चला. आज सकाळी टोपण थोडे सुटले आहे. आतले पान फिकट आणि सुरकुतलेले आहे, चमक नावालाही नाही. काका त्याच्यापुढे उभे राहिले, हात पुढे केला आणि मागे घेतला. "ह्याला काय करायचं गं?" त्यांनी विचारले.

"काही नाही," काकू म्हणाल्या, आणि दोघे तिथेच उभे राहून ते उलगडायची वाट बघू लागले.