छातीशी धरायची पाटी

"ऐपत नाही, तर माणसानं प्राणी पाळावाच कशाला?"

हा प्रश्न डॉक्टरबाईंना तोंडावर विचारायचा, अशी पैज लागली होती. मैत्रिणी म्हणाल्या, "वक्तृत्वाची ढाल मिरवतेस ना? मग विचारून दाखव! नाहीतर तू भित्री भागूबाई!"

भिंगरीला भित्री म्हणायचं? छे! कालपरवापर्यंत ती मागच्या बाकावर मान खाली घालून बसायची, हे खरं. पण ढाल घरी आली आणि तिला जणू पंखच फुटले. आता ती कुणालाही काहीही विचारू शकत होती. कुठे विचारावं आणि कुणासमोर, एवढंच तिला अजून कळायचं होतं.

दर शनिवारी दुपारी भिंगरी प्राण्यांच्या दवाखान्यात जायची. तिथं एक मदतनिधी होता. पाळलेला जीव अचानक मरणाच्या दारात जातो, उपचार महाग असतो, घरच्यांना तो झेपत नाही. अशा वेळी बिल या निधीतून भागायचं. निधी उभा केला होता तिच्या बाबांनी, आपलं रंगांचं दुकान सांभाळून, ओळखीपाळखीच्यांच्या मागे लागून. त्यांचा नियम एकच. मदत घेणाऱ्यानं प्राण्याला जवळ घ्यायचं, 'मला मदत मिळाली' असं लिहिलेली पाटी छातीशी धरायची आणि फोटो काढून घ्यायचा. फोटो बसायच्या खोलीतल्या भिंतीवर लागायचा. आणि फोटोग्राफर कोण? अर्थात भिंगरी!

दुपारी त्या खोलीत वेळ झोपाळ्यावर बसल्यासारखा वाटायचा. काचेच्या पेटीत मासे फिरायचे आणि त्यांच्या पाण्याचा हिरवा उजेड छतावर लाटांसारखा हलायचा. एखादं कुत्रं झोपेतच धावायचं. भिंगरीला वाटायचं, आपण सगळे एका मोठ्या तळ्याच्या तळाशी बसलोय आणि वरून कुणीतरी मायेनं आपल्याकडे बघतंय.

त्या शनिवारी ती पाटी काखेत मारून तपासणीच्या खोलीत शिरली आणि एका दमात म्हणाली, "डॉक्टरबाई, ऐपत नाही, तर माणसानं प्राणी पाळावाच कशाला?"

डॉक्टरबाईंचे हात एका बोक्याच्या पोटावर होते. समोर शिंपीकाका उभे होते, भिंगरीच्या शाळेचा गणवेश शिवणारे. गळ्यातली मोजपट्टी काढायचंही त्यांना भान राहिलं नव्हतं. बोका त्यांचा. नाव बटण.

बटण बारीक आवाजात कण्हत होता.

"उत्तर देते हं," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "आधी याचं बघू. काका, याची लघवी तुंबलीय. पोट दगडासारखं झालंय. नळी घालून मोकळं करायला हवं, आणि आत्ताच. नंतर दोन-तीन दिवस इथं ठेवू. खर्च मोठा आहे, पण निधी आहे आपला."

काकांनी पाटीकडे पाहिलं. मग भिंगरीकडे.

"ती धरून उभं राहायचं ना, पोरी?"

"हो काका! अगदी एक मिनिटाचं काम!"

"आणि भिंतीवर लावणार?"

"मग! छान मोठा करून!"

काकांनी बटणला उचललं आणि अर्धवट शिवलेल्या अभ्र्यात गुंडाळलं. "घरी नेतो. शेकतो जरा. उतरेल."

"काका, शेकून नाही उतरत हे! संध्याकाळपर्यंत हातचा जाईल तो!"

"बाई, सगळी गल्ली माझ्यासमोर मापाला उभी राहते," काका हळूच म्हणाले. "उद्या सगळे भिंतीवर माझं माप घेतील." आणि ते निघून गेले.

भिंगरी दारात खिळून राहिली. नजर आपसूक भिंतीवर गेली. स्वतः काढलेले फोटो! कितीदा अभिमानानं पाहिलेले! पण आज छतावरचा हिरवा उजेड हलत हलत भिंतीवर उतरला होता आणि फोटोतली माणसं पाण्याखाली उभी असल्यासारखी दिसत होती. ती एकेक चेहरा बघत गेली. प्रत्येक फोटोत कुत्रं, मांजर, ससा थेट कॅमेऱ्याकडे बघत होता. आणि प्रत्येक फोटोत माणूस जमिनीकडे बघत होता.

प्रत्येक!

"आत्ता दिसलं ना?" डॉक्टरबाई मागे येऊन उभ्या होत्या. "आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हा बोका काकांनी विकत आणला नव्हता. पिल्लू असताना दुकानात शिरला आणि चिंध्यांच्या ढिगात झोपला. रोजचं दूध, रोजची माया, सगळं काकांच्या ऐपतीतलं. संकट मात्र ऐपत विचारून येत नाही. उद्या तुझ्या बाबांचं दुकान बसलं, तर तुला म्हणायचं का, ऐपत नव्हती तर मुलगी कशाला जन्माला घातली?"

"पण मग तुम्ही बाबांना का नाही सांगितलंत?"

"चुकलं माझं. निधी बंद पडेल या भीतीनं गप्प बसले. किती जण त्या पाटीला बघून दारातूनच परतले असतील, कोण जाणे. भिंतीवर फोटो लागतात ते आत आलेल्यांचे."

भिंगरीनं फोन दप्तरात कोंबला आणि धूम ठोकली.

कोपऱ्यावर बंद दुकानाच्या पायरीवर काका बसले होते. बटण मांडीवर. आता तो कण्हतही नव्हता.

"काका, चला! फोटो नाही, पाटी नाही, काही नाही!"

"आणि तुझे बाबा?"

"बाबांना मी बघते!"

"मघाशी वेगळंच बोलत होतीस की."

भिंगरी पायरीशी वाकली. "मघाशी मी मूर्ख होते. काका, माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण रागवायला नंतर भरपूर वेळ आहे. बटणला नाहीये!"

काका उठले. "जीभ आहे की कात्री?" ते पुटपुटले. पण पावलं दवाखान्याकडे वळली होती, आणि मग ती धावायलाच लागली.

बटणला आत घेतलं आणि तपासणीच्या खोलीचं दार बंद झालं. मासे फिरत राहिले, छतावर लाटा हलत राहिल्या. काका मोजपट्टी बोटांभोवती गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. अखेर डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि हसल्या. "मोकळा झाला हो! माझ्यावर गुरगुरलासुद्धा!"

काकांनी मान वर केली. अगदी सरळ वर!

घरी भिंगरीनं सगळं सांगितलं. बाबा खुर्चीतून उठलेच. "अगं, पण देणारे मला विचारणार, पैसे कुठे गेले! पुरावा नको?"

"पुरावा डॉक्टरबाई देतील. प्राणी कोणता, आजार काय, उपचार काय. त्यात माणसाचं तोंड कशाला हवं?"

"बाऊ करतेस तू. एक फोटो! त्यात काय एवढं?"

"मग तुमचा काढू?" भिंगरीनं दवाखान्यातून आणलेली पाटी पुढे केली. "धरा छातीशी. फक्त इथं, घरात. आई आणि मी, दोघीच आहोत."

बाबा हसत हसत पुढे आले. पाटी धरली. भिंगरीनं फोन रोखला. 'मला मदत मिळाली.' बाबांचं हसू आधी ओठांवरच थांबलं, मग विरलं. आणि नजर हळूहळू खाली गेली, फरशीवर.

"अहो, वर बघा ना," आई हलकेच म्हणाली.

त्यांना बघवेना.

भिंगरीनं फोटो काढलाच नाही. वाचकहो, आपणही कुणा ना कुणाला मदत करतो आणि करायलाच हवी. पण देताना एकदा घेणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघा. ते खाली गेले असतील, तर आपण दिल्यापेक्षा जास्त काढून घेतलंय!

बाबांनी पाटी मुकाट्यानं तिच्या हातात दिली. भिंगरीनं ओल्या फडक्यानं ती लख्ख पुसली आणि ढाल घेतानाही नव्हती इतकी ताठ उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका. माझं ठरलंय. उद्या मी ते सगळे फोटो उतरवणार आणि ज्याचे त्याला घरी नेऊन देणार. आणि ही पाटी दवाखान्याच्या दारावर बाहेरून लावणार. तिच्यावर एवढंच लिहिणार: 'आधी आत या!'"